अक्षरी चार

मला पाण्याची भीती का वाटते याला काही कारण नाही. लोकांना मात्र कारण लागतं. लहानपणी बुडता बुडता वाचलात का, घरातलं कुणी गेलं का, असं विचारतात आणि समोरचा हिरमुसू नये म्हणून मी प्रत्येकाला काहीतरी वेगळं सांगत आले आहे. खरं म्हणजे काहीच घडलेलं नाही. बादलीपेक्षा जास्त पाणी एका जागी दिसलं की माझ्या पोटात गोळा येतो, एवढंच. आमच्या शहरात नळ चार-आठ दिवसांनी येतो, त्यामुळे ही भीती बाळगणं मला कधी जड गेलं नाही.

त्याच भरवशावर मी निवृत्तीनंतर पडेगावच्या अंगाला, दौलताबाद रस्त्यालगतच्या सोसायटीत फ्लॅट घेतला. जाहिरातीच्या कागदावर पोहण्याचा तलाव होता, निळाशार, आणि त्याच्या काठावर गॉगल लावलेली एक बाई सरबत पीत बसली होती. जिथे प्यायचं पाणी टँकरने येतं तिथे हा तलाव कोण भरतंय, असं मी मनात म्हटलं. पहिली तीन वर्षं माझंच खरं निघालं. तलाव कोरडा ठणठणीत राहिला. मुलं त्यात सायकली फिरवायची आणि उन्हाळ्यात आम्ही बायका त्याच्या तळाशी जुन्या साड्या अंथरून कुरडया वाळवायचो. निळी फरशी अशी तापायची की दुपारपर्यंत कुरडया कडकडीत व्हायच्या. एका टोकाला उभं राहिलं की काठ माझ्या छातीला यायचा आणि दुसऱ्या टोकाला डोक्याच्या वर जायचा. कोरडा होता तोवर तो तलाव मला आवडायचा, हेही सांगून टाकते.

मग मागच्या बाजूला घेतलेल्या बोअरला अनपेक्षित पाणी लागलं आणि सभासदांना तलावाचे वेध लागले. पालिकेकडे अर्ज गेला. अर्ज मीच लिहिला, कारण सोसायटीची सचिव मी होते. सचिवपद माझ्या गळ्यात पडलं ते माझ्या अक्षरामुळे. जमिनीची कागदपत्रं सांभाळणाऱ्या सरकारी कचेरीत माझी हयात गेली. तिथे मी दोन गोष्टींसाठी ओळखली जायचे. एक म्हणजे अक्षर. दुसरी म्हणजे, आकड्यापुढे ‘अक्षरी’ नसेल तर कागद परत. क्षेत्र ४ एकर, असं नुसतं आकड्यात लिहून आणलं की मी मान वर न करता कागद सरकवून द्यायचे. ४, अक्षरी चार. आकड्याला एक काडी लागली की त्याचा दुसरा आकडा होतो, शब्दाचं तसं होत नाही, हे मी नव्या कारकुनांना पहिल्याच दिवशी ऐकवायचे. माघारी मला ‘अक्षरी बाई’ म्हणायचे. मला कळायचं आणि आतून बरंही वाटायचं.

पालिकेकडून नियमांची यादी आली. मी ती जेवणाच्या टेबलावर पसरून वाचली आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. तळाच्या जाळीचं झाकण घट्ट बसवावं, केस किंवा कपडा ओढला जाऊ नये. हे वाचून माझा हात आपोआप माझ्या अंबाड्याकडे गेला. कुंपणाच्या फाटकाची कडी लहान मुलाच्या हाताला येणार नाही इतकी उंच असावी. हवेने भरलेलं कडं, आकडा लावलेली लांब काठी, मान किंवा पाठ दुखावलेल्या माणसाला बांधून उचलता येईल अशी लांब फळी. प्रशिक्षित जीवरक्षक. पाण्यातल्या औषधाची दिवसातून दोनदा नोंद. आणि अपघातांची नोंदवही. यादी करणाऱ्याने हे बसल्या बसल्या सुचलं म्हणून लिहिलेलं नसणार. प्रत्येक ओळीमागे कुणीतरी कुठेतरी गेलेलं असणार, असं मला वाटायला लागलं आणि मग ती माणसं मला दिसायलाच लागली. जाळीपाशी एक, फाटकापाशी एक.

पण मी कारकून. माझ्या भीतीला फाइल लागते. मी यादीतला एकेक नियम घेऊन त्यापुढे खूण करायला सुरुवात केली आणि प्रत्येक खुणेबरोबर पोटातला गोळा थोडा सैल व्हायचा. सगळे नियम पाळले की काही होत नाही, असं मी मनाशी घट्ट धरलं होतं. अपघातांच्या नोंदवहीला तर मी खाकी कव्हर घातलं, पट्टीने रकाने आखले. दिनांक, वेळ, पाण्याची खोली, कारण, सही. ती कायम कोरी राहावी म्हणून पहिल्या पानाला हळदीकुंकू लावलं.

यादीत एक ओळ होती, ‘उथळ भागात सूर मारण्यास मनाई असल्याचा फलक लावावा.’ मी ती दोनदा वाचली आणि हसले. उथळ भागात कशाला मनाई? तिथे छातीएवढं पाणी. बुडायचं ते खोल भागात. टाइप करणाऱ्याने ‘खोल’च्या जागी ‘उथळ’ घातलं, दुसरं काय. असल्या चुका मी आयुष्यभर दुरुस्त केल्या होत्या. मी पेन्सिलीने ‘उथळ’ खोडलं, वर नीट अक्षरात ‘खोल’ लिहिलं आणि पुढच्या ओळीवर गेले.

पालिकेची इंजिनियर तपासायला आली. माझ्या मुलीपेक्षा लहान, टोपी घातलेली, बोलायला गोड. तिने फाटक ओढून पाहिलं, कडं दाबून पाहिलं, जीवरक्षकाचं प्रमाणपत्र वाचलं. तिने तात्पुरती परवानगी दिली आणि सांगितलं, “काकू, काठावर खोलीचे आकडे ठळक काढून घ्या, मराठीत. फलक लावा आणि पंधरा दिवसांत फोटो पाठवा.” मी ते डायरीत लिहून घेतलं.

आकड्यांवरून कमिटीच्या बैठकीत माझं आणि अध्यक्षांचं वाजलं. अध्यक्ष वाळूजच्या एका कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहेत, तिथे सुरक्षेसाठी जमिनीवर पिवळे पट्टे आखून घ्यायचं त्यांचं काम. ते म्हणाले, “काकू, आकडे इंग्रजीच ठेवू. आपली सगळी पोरं इंग्रजी शाळेत जातात.”

“मराठीत म्हणजे आकडेही मराठीत,” मी म्हणाले. “का ते विलायतेहून मागवायचे?”

“तसं नाही हो, पण पोरांना वाचता आलं पाहिजे.”

“नाही येत तर शिकतील. चार अक्षरं शिकल्याने कुणी बुडत नाही.”

सगळे हसले. अध्यक्षांनी हात जोडले. अशा वेळी माझी जीभ सुटते आणि समोरचा गप्प बसला की मला जिंकल्यासारखं वाटतं. हा माझा जुना दोष आहे.

पेंटरकडे पार्किंगचे नंबर काढायचे इंग्रजी साचे होते, मराठी नव्हते. म्हणून साचे मी केले. पुठ्ठ्यावर दोन आकडे काढले, उथळ टोकासाठी ४ आणि खोल टोकासाठी ६, आणि ब्लेडने कापले. माझ्या चारविषयी थोडं सांगायला हवं. त्याच्या वरच्या दोन्ही काड्या मी सरळ सोडत नाही. त्या आत वळतात आणि त्यांची टोकं जवळजवळ एकमेकांना टेकतात. कचेरीत या चारचं कौतुक व्हायचं. साहेब म्हणायचे, बाईंचा चार पदर घेऊन उभा राहतो.

पेंटर म्हातारा, जुन्या शहरातला. त्याने पुठ्ठा उजेडात धरला, उलटसुलट केला. “मॅडम, ये चार है ना?”

“मग काय वाटलं तुम्हाला?”

“नै, पूछ लेना अच्छा. बाजू में हरफां में भी ‘चार फूट’ डाल देता ना. आधे घंटे का काम है.”

त्या दिवशी तलावात पहिल्यांदा पाणी सोडलेलं होतं. मोटारीचा आवाज चालू होता आणि आमच्या पायांपासून हातभर खाली पाणी चढत होतं. मला त्या काठावरून लांब जायची घाई होती. मी म्हणाले, “नको, आकडा पुरे. मोठा काढा म्हणजे झालं.” हयातभर अक्षरी, अक्षरी करत लोकांना परत पाठवणारी मी, आणि ‘अक्षरी लिहू का’ असं विचारणाऱ्या माणसाला मी नको म्हणाले.

त्याच आठवड्यात नात आली. अकरा वर्षांची, पुण्याची, इंग्रजी शाळेतली. मे महिन्यात तिच्या आईला, म्हणजे माझ्या मुलीला, सुट्टी नव्हती म्हणून महिनाभर माझ्याकडे. मुलगी तिला सोडायला आली तेव्हा म्हणाली, “आई, ती छान पोहते, तिचा क्लास झालाय. तुझी भीती तिच्या डोक्यात घालू नकोस. बाकी ती तुझ्या ताब्यात.” मुलगी परत गेली आणि ‘ताब्यात’ हा शब्द माझ्या डोक्यात राहिला. कचेरीत ताब्यात घेतलेली वस्तू जशी घेतली तशी परत द्यावी लागते.

दोन दिवस मी तिला काहीबाही सांगून टाळलं. ऊन आहे, औषध नुकतंच टाकलंय, जेवण झालंय. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला ती टोपी घालून दारात उभी राहिली. मग माझा इलाज चालला नाही.

मी प्लास्टिकची खुर्ची घेऊन खोल टोकाला बसले. हवेचं कडं मांडीवर घेतलं. जीवरक्षक शेंद्र्याकडचा, घरी शेती, सकाळी कंपनीत आणि संध्याकाळी आमच्याकडे. चाळिशीचा शांत माणूस. तो दुसऱ्या टोकाला उभा राहत होता, त्याला मी इकडे बोलावलं. “दादा, तुम्ही इथं थांबा. काही झालं तर इथंच होईल.”

“काकू, लई घाबरता तुम्ही. मी हाय ना.” पण तो येऊन उभा राहिला.

नातीने पाण्यात उतरण्याआधी तलावाला एक अख्खी चक्कर मारली. पळाली नाही, चालत गेली, कारण पळू नये असं फाटकावर लिहिलं होतं. पलीकडच्या टोकाला माझ्या चारपाशी थांबली, खाली वाकून पाहिलं. मग माझ्या टोकाला आली, सहाकडे पाहिलं, मान थोडी तिरकी केली. मग माझ्या डोक्यावरचा फलक वाचला, एकेक अक्षर लावत. ‘येथे सूर मारू नये.’ नियम वाचणारी पोर, म्हटलं, नात कुणाची आहे. भीतीतसुद्धा मला अभिमान वाटला.

“आजी, मी उडी मारू?”

“इथून नाही. आत्ताच काय वाचलंस?”

“इथून नाहीच. तिकडून?” तिने पलीकडे बोट केलं.

“तिकडून मार हवी तेवढी,” मी म्हणाले.

उडी म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर काय होतं? पायरीवरून मूल मारतं ती. पाय आधी, नाक दाबून, धप्प. तिकडे छातीएवढं पाणी, त्यात काय होणार.

ती पलीकडे जाऊन उभी राहिली. तिच्या पायांची बोटं बरोबर माझ्या चारवर होती. ऊन तिरपं होतं, औषधामुळे पाणी थोडं दुधाळ झालेलं, तळ काही दिसत नव्हता. तिने दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन जोडले आणि मला वाटलं, पाण्याला नमस्कार करतेय. शहाणी आहे, असं मनात येतंय तोवर ती पुढे झुकली. माझ्या शेजारून जीवरक्षक धावला. “बाळा, नाय,” एवढंच तो म्हणाला, आणि ती गेली होती.

पाणी फारसं उडालंच नाही. आवाज मात्र झाला. देवघराच्या फरशीवर नारळ ठेवताना होतो तेवढाच, लहान. त्या तळाशी मी तीन उन्हाळे बसले होते. ती फरशी किती टणक आहे हे माझ्या गुडघ्यांना माहीत होतं.

ती वर आली, पण पालथी. जीवरक्षक तोवर पाण्यात होता. त्याने आपल्या दोन्ही दंडांमध्ये तिचं डोकं धरलं आणि तिला हळूच उताणी केलं. कपाळावरून रक्त येत होतं. मी हात पुढे केले तसा तो म्हणाला, “काकू, हात लावू नका. मान हालली नाय पायजे. फळी आणा म्हणा कुणाला तरी. अन् गाडीला फोन लावा.”

मी हात पुढे केले म्हणजे मी त्याच्या शेजारी होते. मी पाण्यात होते. साडीसकट, छातीपर्यंत. खुर्चीवरून कधी उठले, पलीकडच्या टोकाची शिडी कशी उतरले, यातलं काही मला आठवत नाही. पाण्याची भीती त्या वेळी कुठे गेली कोण जाणे. मी नातीच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर उभी होते आणि तिला हात लावायचा नव्हता. तिने डोळे उघडले. मी तिला म्हणाले, पाय हलव गं. खूप वेळ काही झालं नाही. जीवरक्षक नंतर म्हणाला, काकू, एवढा वेळ नव्हता, लगेच हलवला तिनं. मी तो वेळ मोजला नाही, पण माझ्यापुरता तो अजून संपलेला नाही.

लोक धावत आले. यादीतली ती लांब फळी आली. मी दुकानात ‘ही कशाला’ म्हणून नाक मुरडलं होतं तीच. तिच्यावर तिला पट्ट्यांनी बांधून वर घेतलं आणि गाडी दवाखान्याकडे निघाली. गाडीत माझ्या साडीतून पाणी गळत होतं आणि मी तिच्या पायाच्या अंगठ्याकडे टक लावून बसले होते. तो हलला की मी श्वास घ्यायचे.

डॉक्टरांनी मानेला पट्टा घातला, कपाळाला टाके घातले. पुढचे दोन दात अर्धे उडाले होते, उजवं मनगट सुजलं होतं. मान आणि डोक्याचे फोटो काढायचे होते. त्याआधी डॉक्टर तिच्याशी बोलले. नाव काय, कितवीत आहेस, कुठे राहतेस. तिने सगळं बरोबर सांगितलं. मग त्यांनी विचारलं, “पाणी किती होतं गं बाळा तिथे?”

“आठ फूट.”

“चार,” मी म्हणाले. “डॉक्टर, चार फूट आहे.”

“आठ, आजी. तिथे लिहिलंय.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्यापुढे चार बोटं धरली. “ही किती?”

“चार.”

“आणि पाणी?”

“आठ. सांगितलं ना.”

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं आणि तिला आत नेलं. मी बाहेरच्या बाकावर बसले. मार डोक्याला लागला होता. बोटं चार दिसतात आणि चार फुटांचे आठ होतात, म्हणजे आत काहीतरी सरकलं आहे. स्वतःच्या हाताने काढलेला आकडा, हातभर उंच, पांढरा शुभ्र, तो पोरीला आठ दिसतो. मुलीला काय सांगू? मुलगी पुण्याहून निघाली होती आणि दर अर्ध्या तासाने फोन करत होती. मी प्रत्येक वेळी ‘बोलतेय ती, बरी आहे’ एवढंच म्हणत होते. काय बोलतेय ते मी सांगत नव्हते. एवढी मोठी बाई मी, त्या बाकावर बसून चारचा पाढा म्हणत होते. तिला बाहेर आणल्या आणल्या मी विचारलं, “चार दुणे किती गं?”

“आठ,” ती म्हणाली. उत्तर बरोबर होतं, पण तो आठ ऐकून मी पुढचं विचारलंच नाही.

तिला पलंगावर झोपवलं. ती छताकडे पाहत होती, मान वळवता येत नव्हती. थोड्या वेळाने तिच्या डोळ्यांच्या कडेने पाणी ओघळलं. “आजी, तू चिडलीस का? मी काही चुकीचं नाही केलं. सर सांगतात, आठ फुटांपेक्षा कमी असेल तर डाइव्ह करायचं नाही. म्हणून मी आधी दोन्हीकडे बघून आले.”

“काय बघितलंस?”

“तिकडे आठ होतं. तुझ्या इथे तीन होतं, पण उलटं. पेंटरकाकांनी चुकून उलटं काढलं असेल. आणि तिथे बोर्डपण होता, सूर मारू नये. म्हणून मी तुला विचारलं, तिकडून मारू का. तू हो म्हणालीस.”

मी पर्समधून पेन काढलं. औषधांच्या चिठ्ठीची मागची बाजू तिच्यापुढे धरली आणि म्हणाले, तिथे काय लिहिलं होतं ते काढून दाखव. उजवा हात बांधलेला होता. तिने डाव्या हाताने, मान न हलवता, कागद छातीवर घेऊन काढलं. खाली एक गोल, वर दोन काड्या, आत वळलेल्या. टोकं जवळजवळ टेकलेली. त्यांच्या मधली फट कसली आहे हे तिला कळत नव्हतं, पण तिने तीही काढली होती.

तिने इंग्रजी 8 काढला होता आणि तो माझा ४ होता. कचेरीत ज्याचं कौतुक व्हायचं तोच. शेजारी तिने तो उलटा तीन काढला, आणि तो माझा ६ होता.

तिचं डोकं शाबूत होतं. तिला शाळेत मराठीच्या पुस्तकातसुद्धा पानांचे आकडे कुणी वाचायला लावले नव्हते. माझ्या दोन आकड्यांनी तिच्यापुरता तो तलाव उलटा करून ठेवला होता, उथळ तिकडे खोल आणि खोल तिकडे उथळ. मी पेन्सिलीने दुरुस्त करून चुकीच्या टोकाला लावलेला फलक त्यात अगदी बरोबर बसत होता. आणि एवढं करूनही ती विचारायला आली, तेव्हा मी खोल पाण्यापासून तिला वाचवायला म्हणून स्वतःच्या तोंडाने पलीकडे पाठवलं. तो नियम उथळ भागासाठीच का होता, हे मला तिथे त्या पलंगापाशी कळलं. अख्खी यादी मी बुडण्याच्या भीतीने वाचली होती. आपटण्याची भीती मला कधी शिवलीच नव्हती.

डॉक्टर आले. मानेचं हाड धड होतं. “हात पुढे होते म्हणून,” ते म्हणाले. “शिकवणाऱ्याने चांगलं शिकवलंय. नाहीतर...” मनगटाला प्लास्टर, मानेचा पट्टा काही आठवडे. मी भिंतीला टेकले आणि मग पहिल्यांदा रडले.

मुलगी पोचली तेव्हा रात्रीचे अकरा वाजत आले होते. ती आधी लेकीपाशी गेली. मग मी तिला तो कागद दाखवला आणि सगळं सांगितलं, काही वगळलं नाही. मला वाटलं होतं, ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने कागदाकडे बघितलं, त्याची घडी केली, पर्समध्ये ठेवला आणि परत लेकीजवळ जाऊन बसली. या मुलीचा हात धरून पाटीवर चार मीच गिरवून घेतला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सोसायटीत आले. तलावाच्या फाटकाला कुलूप होतं. अध्यक्ष कामावर न जाता थांबले होते आणि टेबलावर ती खाकी कव्हराची नोंदवही ठेवली होती. आकड्यांचं मी त्यांना रात्रीच फोनवर सांगितलं होतं. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. मला ‘मी सांगत होतो’ असं ते एकदाही म्हणाले नाहीत, हे मी विसरणार नाही.

“काकू, नोंद करावी लागेल,” ते म्हणाले. “पाय घसरला असं लिहा. मुलं घसरतात. नात तुमची, आकडे तुमचे, उगाच तुमचं नाव कशाला त्यात.”

मी वही उघडली. हळदीकुंकू वाळून त्याची पूड कव्हरच्या शिवणीत गेली होती. दिनांक लिहिला, वेळ लिहिली. पाण्याची खोली या रकान्यात सवयीने हात चालला आणि माझा चार पदर घेऊन उभा राहिला. मी त्याच्याकडे पाहिलं. मला स्वतःला तो आठ दिसायला लागला आणि मी पेन खाली ठेवलं. पोटात तोच गोळा आला जो भरलेल्या तलावाकडे पाहून येतो. आयुष्यभर मी किती कागदांवर हा आकडा काढला असेल, आणि तो कुणी कुणी काय म्हणून वाचला असेल. मग मी पेन परत उचललं आणि त्याच्यापुढे लिहिलं, अक्षरी चार.

सहीच्या आधीचा रकाना कारणाचा होता. मी तिथे आधी आकड्याचं लिहिलं, मग फलकाचं, मग मी स्वतः तिला तिकडे पाठवलं ते. जागा अपुरी पडली तशी समासात लिहिलं. सगळ्यात शेवटी एक ओळ उरली होती.

अध्यक्षांनी वही आपल्याकडे वळवली, चष्मा वर केला आणि ती ओळ मोठ्याने वाचली. “मुलीने सर्व नियम पाळले.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “काकू, हे कारण कसं होईल?”

“हेच कारण आहे,” मी म्हणाले आणि सही केली.